पाच माणसं, फोंडाघाट आणि चार मीटरच्या आतली एसयूव्ही: कोणती सोयीची पडेल?

राधानगरीरोड

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. घरात पाच माणसं: मी, मिस्टर, नऊ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. हॅचबॅक जुनी झाली, आता बदलायची आहे. गाडी जास्त मीच चालवते. माझी शाळा गावाबाहेर आहे, रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. आणि महिन्याकाठी एक फेरी देवगडकडे, राधानगरी-दाजीपूर करून फोंडाघाट उतरून. तिकडे सासरची कलमं आहेत. मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या, एरवी नारळ, तांदूळ, कोकमं. रिकामी गाडी घेऊन आम्ही कधी परत येत नाही.

खरा प्रश्न सासूबाईंचा आहे. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालतात चांगल्या, पण हॅचबॅकमध्ये खाली वाकून बसायचं आणि उठताना दाराला धरून स्वतःला ओढून बाहेर काढायचं, हे त्यांना जमत नाही. त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून त्या गावी आल्याच नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य त्या बागेत गेलंय. गाडी बदलायचं मुख्य कारण तेच.

बजेट ऑन रोड तेरा लाखांपर्यंत. ब्रेझा, नेक्सॉन, सोनेट, थ्री-एक्सओ आणि कायलॅक एवढ्या डोक्यात आहेत. शोरूममध्ये गेलं की सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनपासून सुरुवात होते. मी विचारलं, मागे मुलाची सीट लावून शेजारी दोन माणसं बसतील का? तर उत्तर आलं, "मॅडम, फाइव्ह सीटर आहे." त्यापुढे माहिती नाही.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आणि लहान मूल दोन्ही आहेत, त्यांनी कृपया सांगा. पेट्रोल, डिझेल की सीएनजी, हेही.

लातूरकर_७

ब्रेझा घ्या ताई. आमच्याकडे आहे. सर्व्हिस तालुक्यालाही मिळते, विकताना पैसे येतात. बाकी विचार करू नका.

कुंभार्लीचा_चढ

ताई, मी चिपळूणचा. स्टेशनरीचा होलसेल धंदा आहे, कराडला सतत जाणं-येणं, म्हणजे कुंभार्ली घाट पायाखालचा. घरात वडील आहेत, काठी घेऊन चालतात. माझ्याकडे चार मीटरच्या आतलीच डिझेल एसयूव्ही आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नातलं बरंचसं मी रोज बघतो. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सासूबाईंना सोबत घेतल्याशिवाय कुठलीच गाडी पसंत करू नका. त्यांना शोरूममध्ये नेऊन उघड्या दाराशी पाठमोरं उभं करा आणि सीटची कड पायाला कुठे टेकते ते बघा. गुडघ्याच्या थोडी वर टेकली तर उत्तम. मग त्या वाकत नाहीत, नुसत्या मागे टेकतात. गुडघ्याच्या खाली टेकली तर तुमच्या हॅचबॅकचंच दुखणं परत आलं. आणि मांडीच्या बरीच वर आली, तर त्यांना चढावं लागेल, तेही वाईटच. उंची कमी असलेल्या बाईमाणसाला आणि त्यात नऊवारी-सहावारी नेसणाऱ्या बाईला उंच गाडी हा त्रासच असतो. एसयूव्ही उंच म्हणून सोयीची, असं सरसकट नसतं.

फिजिओथेरपिस्ट त्यांना सांगतातच: आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरवायचे. आता हे पाय फिरवायला जागा कुठे असते ते बघा. मागच्या दाराचा खालचा कोपरा चाकाच्या कमानीनं कापलेला असतो, म्हणजे दार वर रुंद आणि खाली अरुंद. पुढून मधला खांब आणि पुढच्या सीटची पाठ. त्या मापात पाऊल अडकतं. माझ्या वडिलांची चप्पल दर वेळी तिथेच निघायची. शेवटी त्यांना पुढे बसवायला लागलो आणि प्रश्न मिटला. पुढचं दार मोठं, खाली चौकट सरळ, सीट मागे सरकवता येते, पाठ थोडी कलती करता येते. तुम्हीही सासूबाईंना पुढे बसवायची तयारी ठेवा आणि त्या हिशेबाने गाडी बघा. एकच अडचण: ड्रायव्हरची सीट वर-खाली होते, पण शेजारची सीट या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत होत नाही. म्हणून तिची जी उंची आहे तीच त्यांना मानवते का, हे बसवूनच कळेल.

दार किती उघडतं तेही बघा. टाटा पंचची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात, म्हाताऱ्यांसाठी फार छान. पण तिची रुंदी १७४२ मिलिमीटर, पाच जणांना मागे दाटी होते, म्हणून तुम्हाला सुचवत नाही.

रुंदीचंच बोलतोय तर, ब्रेझा आणि सोनेट १७९० मिलिमीटर, नेक्सॉन १८०४, थ्री-एक्सओ १८२१. लांबी सगळ्यांची चार मीटरच्या आत बांधलेली, कारण कर त्यावर ठरतो. त्यामुळे मागे तीन माणसं बसवायची तर रुंदीतलं इंचभरही मोलाचं असतं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बघा: ब्रेझा आणि सोनेट २५००, नेक्सॉन २४९८, कायलॅक २५६६, थ्री-एक्सओ २६००. थ्री-एक्सओमध्ये मागे पाय पसरायला जागा जास्त का वाटते, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. पण तेवढ्या लांबीत पाय पसरले म्हणजे मागची डिकी आखडली, हेही ओघाने आलंच.

डिकीच्या लिटरवर विश्वास ठेवून निर्णय घेऊ नका. ब्रेझा ३२८, नेक्सॉन ३८२, सोनेट ३८५, कायलॅक ४४६ असे आकडे ऐकवतील. कायलॅकचा ४४६ हा मागची पार्सल ट्रे काढून मोजलेला आहे, छतापर्यंत. कोणी ट्रेपर्यंत मोजतं, कोणी छतापर्यंत. त्यापेक्षा घरून आंब्याची रिकामी पेटी घेऊन जा. दोन पेट्या शेजारी-शेजारी बसतात की मधे चाकाच्या कमानी अडतात, ते बघा. आणि डिकीचा उंबरा किती उंच आहे ते बघा. पन्नास किलोचं तांदळाचं पोतं त्या उंबऱ्यावरून आत टाकायचं असतं, ते काम सेल्समन करत नाही, तुम्ही आणि मिस्टर करणार. उंबऱ्याच्या आत डिकी खोल असेल तर बाहेर काढताना कंबर धरते.

आता घाट. फोंडाघाट मला माहीत आहे, कुंभार्लीसारखाच दमवणारा. तिथे गाडीची कसोटी वळणावर लागते. समोरून ट्रक आलेला, तुम्ही वळणावर जवळजवळ थांबलेल्या, दुसरा गिअर, एसी चालू, पाच माणसं आणि डिकी भरलेली. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये त्या क्षणी इंजिन पंधराशे आरपीएमच्या खाली गेलं की टर्बो अजून जागा झालेला नसतो आणि गाडी मान टाकते. पहिला गिअर टाकावा लागतो. एकदा वेग धरला की तीच गाडी सुरेख चढते. ब्रेझाचं १४६२ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन आहे, टर्बो नाही. वर गेल्यावर जोर मर्यादित, पण खालच्या आरपीएमला सरळ, अंदाज येणारं. सोनेटचं १.२ साधं पेट्रोल ८३ पीएसचं, ते पाच माणसं आणि सामान घेऊन घाटात मला कमी पडेल असं वाटतं. डिझेल म्हणजे घाटाचा राजा. ओढायचा जोर, म्हणजे टॉर्क बघा: सोनेट डिझेल २५० न्यूटन मीटर, नेक्सॉन २६०, थ्री-एक्सओ ३००. चौथ्या गिअरचं काम तिसऱ्यात करावं लागत नाही.

तरी तुम्हाला डिझेल सुचवत नाही. बीएस-सिक्स डिझेलला काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून सलग, एका वेगात, गरम होऊन पळावी लागते. माझी पळते. तुमची रोज दहा किलोमीटर जाणार, थांबणार, दुपारी दहा किलोमीटर परत येणार. महिन्यातून एकदा कोकण त्याला पुरत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागत राहील आणि प्रत्येक वेळी हायवेला जाऊन यायचं. तुमच्या वापराला पेट्रोल.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या भोवती मारू नका. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढावर नेऊ देत असतील तर तिथेच मागा. आणि पाचही जण बसा. दोन माणसं बसवून घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हवरून तुमच्या घाटाचं काही कळणार नाही.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर वेगळं लिहीन. वाढलं जरा.

राधानगरीरोड

काका, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. ऑटोमॅटिकचं पण सांगा, मिस्टरांचा आग्रह आहे. आणि सनरूफ?

हडपसर_सीएनजी

ताई, मी सीएनजीवाला म्हणून लिहितो. ब्रेझा सीएनजी, पुण्यातलं रोजचं रनिंग मोठं, त्यामुळे मला ती फायद्याची. पण तुमच्या पेट्या आणि पोती वाचून सांगतो, साधी टाकी असलेली सीएनजी घेऊ नका. टाकी डिकीत आडवी असते आणि वर जी जागा उरते तिथे एक बॅग आणि दोन छत्र्या. आमच्या घरचे सणाला गावी जाताना बॅगा मांडीवर घेऊन बसतात. पिकअपही कमी होतो: पेट्रोलवर जे १०३ पीएस आहेत ते सीएनजीवर ८८च्या आसपास. शहरात कळत नाही, घाटात कळतं.

नेक्सॉनमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवल्या आहेत, त्यामुळे डिकी ३२१ लिटर राहते. आणि तिथे टर्बो इंजिनाला सीएनजी जोडलाय, १०० पीएस आणि १७० न्यूटन मीटर. सीएनजीच हवा असेल तर तीच बघा. पण दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी करून घ्यावी लागते, हा खर्च आणि खेप लक्षात ठेवा. आणि पंपावरची रांग. रोजच्या वीस किलोमीटरसाठी एवढं सगळं कशाला, असं माझं मत.

हिशेबाची_वही

कराचं थोडं सांगतो, कारण यादीतल्या एका गाडीला तो वेगळा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांना जीएसटी १८ टक्के झाला. लहान म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. दोन्ही अटी हव्यात. नेक्सॉन, थ्री-एक्सओ, सोनेट, कायलॅक यांची पेट्रोल इंजिनं या मापात बसतात. ब्रेझा लांबीत बसते पण इंजिन १४६२ सीसी, म्हणून तिला ४० टक्के. आधी तिला ४५ पडत होते, म्हणजे तीही स्वस्त झाली, पण नेक्सॉन पेट्रोल २९ वरून १८ वर आली, तो फरक मोठा आहे. ब्रेझाची किंमत इतरांशी ताडताना हे लक्षात घ्या.

त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स. वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२. डिझेलला दोन टक्के जास्त. म्हणून दहा लाखांच्या थोडं अलीकडे थांबणारा व्हेरिएंट आणि थोडा पलीकडे जाणारा व्हेरिएंट यांच्या ऑन रोड किमतीत वाटतं त्यापेक्षा जास्त अंतर पडतं. कोटेशन घेताना दोन्ही व्हेरिएंटचं शेजारी-शेजारी लिहून मागा. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही.

कुंभार्लीचा_चढ

ऑटोमॅटिक तीन तऱ्हेची मिळतात. एएमटी म्हणजे आपलाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच-गिअर यंत्र चालवतं. स्वस्त, ॲव्हरेज चांगला, पण चढावर गिअर बदलताना गाडी क्षणभर सुटल्यासारखी होते. मॅन्युअल मोडवर घेऊन स्वतः गिअर धरला तर घाट नीट होतो. डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली, फार गोड चालते, पण घाटात ट्रकमागे इंच-इंच सरकत अर्धा तास काढावा लागला तर तिचे क्लच तापतात. टर्बो सोनेटला हाच गिअरबॉक्स आहे. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी, सगळ्यात निर्धास्त: ब्रेझा, कायलॅक आणि थ्री-एक्सओ पेट्रोलमध्ये सहा गिअरची मिळते. मला घाटासाठी निवडायची वेळ आली तर टॉर्क कन्व्हर्टरच घेईन. तेरा लाखांत बसवताना मात्र व्हेरिएंट खालचा घ्यावा लागेल, आणि तिथे खरी गोम आहे.

कोकणातल्या पावसात ज्या गोष्टींनी जीव वाचतो त्या कंपन्या खालच्या व्हेरिएंटमधून आधी काढतात. मागचा वायपर, मागच्या काचेचा डीफॉगर. एसयूव्हीची मागची काच उभी असते, पाठीमागून उडालेला चिखल सगळा तिथे बसतो. दाजीपूरच्या धुक्यात आत पाच माणसांचा श्वास आणि ओले कपडे, दोन मिनिटांत मागची काच पांढरी. रिव्हर्स घ्यायचा तर कॅमेऱ्यावरही चिखल. या दोन गोष्टी नसतील तो व्हेरिएंट मी घरच्यांसाठी घेणार नाही, बाकी कितीही स्वस्त असो. त्यानंतर मागचे एसी व्हेंट, मागच्या मधल्या माणसाला तीन टोकांचा पट्टा आणि हेडरेस्ट, आणि ड्रायव्हरची सीट वर-खाली होण्याची सोय, कारण गाडी तुम्ही चालवणार. तुम्हाला बॉनेटची कड दिसली पाहिजे, नाहीतर घाटात डाव्या बाजूची कठड्याकडची चाकं कुठे आहेत हे कळत नाही.

सनरूफ मुलांना आवडेल, यात शंका नाही. पण त्याच्या पेटीमुळे छत खाली येतं, उंच माणसाचं डोकं लागतं, आणि मे महिन्यात नांदगाव तिठ्यावर दुपारी बाराला ती काच काय करते ते आम्ही कोकणातले जाणतो. तेवढ्या पैशात मागचा वायपर, चांगले टायर आणि मुलाची सीट येते. माझं मत स्पष्ट आहे, तुम्ही घरात बोलून ठरवा.

ग्राउंड क्लिअरन्सचे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. नेक्सॉन २०८, थ्री-एक्सओ २०१, ब्रेझा १९८, कायलॅक १८९. पाच माणसं आणि पोती भरली की इंच-दीड इंच तरी जातो. बागेतल्या चिऱ्याच्या वाटेवर मधला उंचवटा किती आहे ते तुम्हालाच माहीत.

गंगापूररोड_आई

लहान मुलांचं मी सांगते. माझी दोन, आणि सासरे. तुमच्या प्रश्नात सगळ्यांनी एक गोष्ट सोडली.

मुलाची सीट आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच बसवलेल्या कड्यांवर, मागे डाव्या किंवा उजव्या टोकाला बसते. ती लावली की तिची कड मधल्या सीटवर येते आणि मधल्या माणसाच्या पट्ट्याचं कुलूप त्या कडेखाली जातं. पट्टा ओढता येतो पण लावता येत नाही. मला शोरूममध्ये हे कोणी सांगितलं नाही, घरी सीट बसवल्यावर मुलगी रडकुंडीला आली तेव्हा कळलं. तुमची मुलगी मधे बसणार असेल तर हा प्रयोग शोरूममध्येच करा. जी सीट तुम्ही वापरता किंवा घेणार आहात तीच बरोबर न्या. एका गाडीत जमतं, दुसरीत जमत नाही, आणि हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

नऊ वर्षांच्या मुलीला अजून बूस्टर लागेल. मोठ्यांचा पट्टा तिच्या मानेला घासतो आणि खालचा पट्टा पोटावर येतो, तो मांडीच्या सांध्यावर यायला हवा. बूस्टरने ती वर उचलली जाते आणि पट्टा जागेवर येतो. म्हणजे मागे एक सीट, एक बूस्टर आणि तिसरं मोठं माणूस. चिपळूणच्या काकांनी सासूबाईंना पुढे बसवायचं सुचवलं ते म्हणूनच मला पटलं. मागे दोन मुलं दोन टोकांना आणि मधे तुम्ही किंवा मिस्टर. थोडं आवळून बसावं लागेल, पण म्हातारं माणूस मधे कोंबण्यापेक्षा बरं.

चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय नेलं तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे. दंडासाठी म्हणून नाही सांगत. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणारे अजून दिसतात, बघून पोटात गोळा येतो.

आणि सुरक्षेचे स्टार बघताना मुलांचा स्टार वेगळा असतो तो बघा. भारत एनकॅप ही गाड्यांची धडक-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, त्यात मोठ्यांना ३२ पैकी आणि मुलांना ४९ पैकी गुण देतात. कायलॅकला मुलांसाठी ४५, नेक्सॉनला ४३.८३, थ्री-एक्सओला ४३. तिन्ही पाच स्टार.

राधानगरीरोड

मंडळी, शनिवारी सगळे मिळून गेलो. सासूबाई, दोन्ही पोरं, मुलाची सीट आणि आंब्याची रिकामी पेटी घेऊन. पेटी बघून शोरूमवाल्यांना नवल वाटलं, पण त्यांनीच डिकी उघडून दिली.

सासूबाई आधी मागे बसायलाच निघाल्या. पुढं बसणं त्यांना अवघड वाटतं, "सून गाडी चालवतीया आणि मी शेजारी" म्हणून. मी म्हटलं, आई, नुसतं बसून तर बघा. नेक्सॉनमध्ये त्यांना थोडं चढावं लागलं, पायरीसारखा पाय वर घ्यावा लागला. ब्रेझात पुढच्या सीटला टेकल्या आणि सरळ बसल्या. मग पदर सावरला, दोन्ही पाय एकत्र उचलले आणि आत घेतले. कोणी हात दिला नाही. मी बाहेर उभी होते, बोलायचं सुचेना मला. कायलॅकमध्येही जमलं, ती थोडी खाली आहे म्हणून उठताना एकदा दाराला धरलं. थ्री-एक्सओमध्ये मागे जागा सुरेख, मिस्टर मागे मधे आरामात बसले, पण पुढच्या सीटचा बाजूचा फुगीर भाग सासूबाईंना मांडीला टोचला.

मुलाच्या सीटचं गंगापूररोडच्या ताई म्हणाल्या तसंच झालं. एका गाडीत कुलूप पूर्ण खाली गेलं. ब्रेझात बोटं घालून लावता येतं, मुलीनं स्वतः लावून दाखवलं. नेक्सॉनमध्येही लागतं.

पेट्या ब्रेझात दोन शेजारी बसतात, तिसरी वर. नेक्सॉनमध्ये जागा जास्त. पन्हाळ्याला दोन गाड्या नेऊ दिल्या, पाचही जण बसून. टर्बोचं काकांनी लिहिलं होतं ते वळणावर नेमकं कळलं. मी मॅन्युअलच घेणार असं ठरलंय, मिस्टरांची समजूत निघाली. सनरूफ नको, हे मुलीला सोडून सगळ्यांना पटलं.

आता ब्रेझा आणि नेक्सॉन एवढ्या दोनच राहिल्या. माझं मन ब्रेझाकडे आहे, कारण आई तिच्यात एकट्या बसल्या आणि एकट्या उतरल्या. कर जास्त, क्रॅशचे गुण नेक्सॉनचे चांगले, हे दोन्ही डोक्यात आहे. घरी मिस्टर नेक्सॉन म्हणतात, सुरक्षेसाठी.

लातूरकर_७

मी आधीच म्हणालो होतो. आता बुक करा.

हडपसर_सीएनजी

मिस्टरांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही ताई. नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, भारतात बनलेली पहिलीच गाडी होती ती. नंतरच्या मॉडेललाही मिळाले. चढायला पाय वर घ्यावा लागतो तर साइड स्टेप लावून बघता येईल का? किंवा सासूबाईंसाठी एक हलकं लाकडी पाऊलठाण, डिकीत ठेवायचं.

कुंभार्लीचा_चढ

साइड स्टेप गुडघ्याच्या पेशंटला मी सुचवणार नाही. एक पायरी चढून लगेच वळून बसायचं म्हणजे सगळा भार एका गुडघ्यावर, आणि पावसात ती पट्टी निसरडी होते. सुटं पाऊलठाण चालेल, पण रुंद आणि खाली रबर लावलेलं हवं. आणि ते घरासमोर नीट वापरता येतं, रस्त्याकडेच्या उतारावर डुगडुगतं. नेक्सॉन घ्यायची असेल तर पाऊलठाण घेऊन परत एकदा शोरूमला जा आणि सासूबाईंना चढा-उतरायला लावा. त्या म्हणाल्या ठीक, तर मिस्टरांचं ऐका. सुरक्षेचा मुद्दा बरोबर आहे.

त्या म्हणाल्या नको, तर ब्रेझा घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. जी गाडी बघून त्या "मी घरीच थांबते" म्हणतील ती गाडी तुमच्या कामाची नाही. सहा एअरबॅग आणि ईएससी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, तिलाही आहेत. घाटात वेग तुमच्या पायात आहे आणि पट्टे सगळ्यांनी लावायचे.

बुकिंग कुठलंही करा, घेताना एवढं बघा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. चारही टायर आणि स्टेपनी त्याच सुमारास बनलेली हवी. स्टेपनी बाकीच्या चाकांच्या मापाची आहे की लहान, ते विचारा. लहान असेल तर ती लावून घाट चढायचा नाही, सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, एवढंच तिचं काम. जॅक आणि पाना तुमच्या हाताने एकदा बाहेर काढून बघा, कारण डिकी पेट्यांनी भरलेली असताना ते खालून काढायचे असतात. आणि मुलाची सीट डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्येच बसवा. तिच्या पाठीचा वरचा पट्टा मागे कुठल्या कडीत अडकवायचा ते दाखवायला सांगा. ती कडी बऱ्याच जणांना सापडत नाही आणि पट्टा तसाच लोंबत राहतो.

राधानगरीरोड

रविवारी पाऊलठाण घेऊन परत जातोय. आईंनी स्वतःच सुताराकडून करून घेतलं, खाली जुन्या टायरचं रबर ठोकून. काय ठरतं ते इथेच लिहीन.